पिवळ्या मैदानातले हिरवे ठिपके

ट्रॅक्टर फाटकातून आत आला तेव्हा चिमणी मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून बसली होती.

"ऊठ तिथून," दादा ओरडला. "रडायचं ते घरी जाऊन रड."

मुलींच्या फुटबॉल संघासाठी नवं मैदान तयार करायचं, हे दोघा भावंडांचं पहिलं मोठं काम. बी झकास उगवलं, बोटभर वाढलं आणि तिथेच अडलं. रंग तर कावीळ झाल्यासारखा. पाणी वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. शेवटी दादाने बियाण्याच्या नावाने बोटं मोडली आणि सगळं नांगरून पुन्हा पेरायचं ठरवलं. म्हणजे संघाचा हंगाम बुडाला, आणि यांना पुढचं काम मिळण्याची आशाही.

"दादा, इकडे ये! अरे, पळत ये!"

दादा पळाला नाही, पण आला. पिवळ्या गवतात ताटाएवढा एक ठिपका गर्द हिरवा होता. तिथली पाती आजूबाजूच्या पात्यांच्या दुप्पट उंच. कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी तसाच दुसरा ठिपका. गोलच्या खांबाशी तर चार.

"बियाणं एकाच पोत्यातलं ना?" चिमणीचा श्वास पुरत नव्हता. "मग इथे कसं फोफावलं?"

"कसं?"

"राखणदाराच्या कुत्र्यामुळे! रोज सकाळी इथे फेरी मारतो आणि पाय वर करतो. मुतात नत्र असतं, दादा, नायट्रोजन! वरून आपलं पाणी पडतं, म्हणून गवत जळलं नाही, उलट तरारलं. बियाणं खोटं नाही रे. गवत उपाशी आहे!"

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. "मग ताई, गावातली सगळी कुत्री गोळा करू का?"

दादा हसला नाही. "पेरताना मी माझ्या हाताने खत घातलंय."

"आणि गाडीभर लाकडाचा भुसाही."

"ओल धरायला!"

"ओल धरली की. पण भुसा कुजतोय, आणि कुजता कुजता सगळं नत्र तोच फस्त करतोय. गवताच्या वाट्याला काय उरणार?"

दादाने बोटांनी माती उकरली. अर्धवट कुजलेला भुसा मुठीत आला. त्याचे कान लाल झाले. चूक पटली की त्याचा आवाज चढायचा. "मग बघत काय बसलीस? आण युरिया! दोन पोती टाकून मोकळे होऊ!"

"जाळून मोकळे होशील! कोवळी पाती आहेत. थोडंच द्यायचं. अर्धं उभं फिरवून, अर्धं आडवं. पुन्हा लागलं तर काही दिवसांनी. आणि आधी दव वाळू दे. दाणे ओल्या पात्याला चिकटले तर करपलंच समज."

दादाने नांगराकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "आठवडाभर थांबतो. नाही सुधारलं तर नांगर."

ट्रॅक्टर मागे फिरला. दव वाळल्यावर दादाने खताची ढकलगाडी आधी उभी चालवली, मग आडवी. मागोमाग दाणे मातीत विरघळावेत म्हणून चिमणीने पाण्याचे फवारे सोडले.

आठवडा सरायच्या आत एका सकाळी चिमणीचा फोन खणखणला. "चिमणे, ये लवकर!" पलीकडून दादा एवढंच म्हणाला.

ती चपला न घालताच धावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत मैदान हिरवंगार होतं. दादा कडेला उभा राहून संघाच्या प्रशिक्षक बाईंशी फोनवर मोठमोठ्याने बोलत होता, "मुलींना म्हणावं, उद्याच बूट घाला!"

चिमणीने फोन हिसकावला. "बाई, उद्या नाही! मुळं धरू देत, दोन कापण्या होऊ देत. पण हंगाम इथेच खेळायचा!"

पलीकडे मुलींचा एवढा गलका झाला की तिला फोन कानापासून दूर धरावा लागला.