सिंहाकडे पाठ

आमच्या घरी रिकामा फोटो काढत नाहीत. रिकामा म्हणजे ज्यात घरचं माणूस नाही असा. डोंगर, समुद्र कॅलेंडरवर फुकट मिळतात, मग आपला रोल कशाला वाया घालवायचा, असं सासऱ्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या वेरूळच्या फोटोंत वेरूळ दिसत नाही, आम्ही दिसतो. हे वळण त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, थेट आफ्रिकेत नेलं.

धर्मराज आनंदनगरला रंगाच्या कंपनीत सुपरवायझर. कंपनीने त्यांना १९९१ साली झिंबाब्वेच्या एका कापड गिरणीत पाठवलं. मागोमाग मी गेले, आणि पुढच्या वर्षी सासूबाई, द्रौपदीबाई, राहायला आल्या. सासरे शिवराम बदलापूरला बेलवलीतच थांबले. "जंगलच बघायचं तर पालेगावच्या पुढं जा, त्याला विमान कशाला लागतंय?" म्हणाले.

माणूस वाईट नाही. पण सासूबाईंचं एकही म्हणणं त्यांनी पहिल्या फटक्यात खरं मानलेलं मी पाहिलेलं नाही. मोरीत साप आहे म्हटलं, तर म्हणे दोरी असेल. दोरी चालायला लागली, तेव्हा म्हणाले, "मग नीट सांगायचं." मला याचा भयंकर राग यायचा. सासूबाईंना यायचा की नाही, कळायला मार्ग नव्हता.

गिरणीच्या मॅनेजरने एका शनिवार-रविवारी आपली कॅरॅव्हॅन आम्हाला वापरायला दिली. मोटारीमागे जोडायचं चाकांवरचं घरच ते. पलंग, गॅस, ओटा, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. सासूबाई आतून फिरून आल्या आणि म्हणाल्या, "आपल्या खोलीपेक्षा मोठंय की. अन् हे लोक हे फिरायला नेतात?" सोबत सुकट घ्यायची त्यांची फार इच्छा होती. मी नको म्हटलं. वासाने कोण येईल, सांगता येत नव्हतं.

अभयारण्यात कॅरॅव्हॅन लावायला एक उघडं मैदान होतं. रखवालदाराने एकच नियम सांगितला: जनावर दिसलं की आत बसा. शनिवारभर आम्ही मोटारीतून झेब्रे आणि जिराफ पाहिले. पाहिले म्हणजे, दिसले की धर्मराज गाडी थांबवून मागे वळायचे आणि म्हणायचे, "इकडे बघा." मग आम्ही जिराफाकडची मान वळवून धर्मराजांकडे बघायचो.

रविवारी सकाळी मी पोहे परतत होते. खिडकीशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "धर्मा, सिंह."

"कुत्रा असेल," धर्मराज म्हणाले. बापाचाच लेक.

मग त्यांनी बघितलं आणि हातातला चहा पायावर सांडला. समोरच्या झाडाखाली सिंह बसला होता. रेशन दुकान उघडायची वाट बघणाऱ्या माणसासारखा, कंटाळून, आमच्याकडे बघत. मी गॅस बंद केला. धर्मराजांनी कॅमेरा काढला.

"खिडकीपाशी उभ्या राहा. चिकटून. दोघीही आल्या पाहिजेत."

आम्ही पदर नीट करून सिंहाकडे पाठ केली. मग मी सरकून कॅमेरा घेतला आणि धर्मराज उभे राहिले. मग त्यांनी मला एकटीला उभं केलं, आणि मी सासूबाईंना. खिडकी लहान, आम्ही धष्टपुष्ट. आमचं सगळं आटोपेपर्यंत सिंह थांबला, मग उठून निघून गेला.

सुट्टीत आम्ही तिघं बेलवलीला आलो. पोचल्या पोचल्या सासूबाईंनी सांगितलं, "मी सिंह बघितला."

"बांधलेला असंल," सासरे म्हणाले.

"मोकळा होता."

"म्हातारा असंल मग."

"फोटो येऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. मग भाजी निवडताना मला हळूच म्हणाल्या, "अंजना, एवढं एक तरी त्यांनी खरं मानलं पाहिजे." तेव्हा मला कळलं, राग त्यांनाही येतो. फक्त तो ठेवायला घरात जागा नव्हती.

रोल उल्हासनगरला धुवायला दिले होते. स्टुडिओवाले सिंधी काका पाकीट देताना म्हणाले, "भाभी, एकदम क्लिअर. पूरी फॅमिली आयी है."

"और शेर?"

"कौन सा शेर?"

संध्याकाळी शेजारचे भगवानराव फोटो बघायला आले. अल्बम फिरू लागला. "हे झेब्र्याचे पट्टे," धर्मराज बोट ठेवून म्हणाले. "ती वहिनींची साडी नाय का?" भगवानरावांनी विचारलं. साडीच होती. मग सिंहाचा फोटो आला.

"सिंह कुठाय?"

"आईच्या मागे."

भगवानरावांनी फोटो अल्बममधून काढून उलटा करून बघितला. सासरे पोट धरून हसले. सासूबाई उठल्या आणि आत भांडी घासायला बसल्या. मला अल्बम खिडकीतून फेकून द्यावासा वाटला.

सासऱ्यांनी पाकीट झटकलं, तर आतून एक फोटो पडला. तो मी काढला होता आणि बिघडला म्हणून अल्बममध्ये लावला नव्हता. मी "आई, इकडे बघा" म्हणत होते, आणि सासूबाईंनी बघितलंच नव्हतं. कॅमेऱ्याकडे न बघणारं माणूस आमच्या घराण्यात दुसरं नसेल. खिडकीच्या जागी नुसता पांढरा उजेड आला होता. कडेला सासूबाईंचा खिडकीबाहेर वळलेला चेहरा, पदर सुटलेला, तोंड किंचित उघडं.

"यात पण नाय," भगवानराव म्हणाले.

"गप रे," सासरे म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि फोटो ट्यूबलाइटखाली नेला. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत जवळ आणला.

"लग्नापासनं बघतोय मी हिला," शेवटी म्हणाले. "माझ्याकडं नाय, पोरांकडं नाय, कशाकडंच हिनं असं बघितलेलं नाय."

मग आत तोंड करून त्यांनी विचारलं, "अगं, केवढा होता?"

भांड्यांचा आवाज थांबला. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण मधी बोलायचं नाय."

सासरे मध्ये बोलले नाहीत.