मोहरीएवढ्या बाहुल्या

जुन्या टायरच्या गोदामात दोनशे माणसं बसली होती आणि कुणीही कण्हत नव्हतं. कंबर धरून आलेले, गुडघे धरून आलेले, सगळे भिंतीला टेकून शांत. समोर फुंकरमहाराज. पेल्यात तपकिरी काढा ओतायचा, त्यावर तीनदा फुंकर घालायची आणि म्हणायचं, "दुखणं मला द्या, तुम्ही मोकळे व्हा!"

"फार कडू लागतो हो," एक आजी म्हणाल्या.

"काढा गोडच आहे, आजी. कडू लागतं ते तुमचं प्रारब्ध!"

माना डोलल्या. महाराजांनी बोट उगारलं. "पण रोज यायचं. एक दिवस चुकवलात तर दुखणं रागावतं. दुप्पट होऊन परत येतं!"

मी मागे उभी होते, थोरल्या भावाला आणि वहिनीला घेऊन आलेली. माझं चष्म्याचं दुकान आहे, तिथे मीच डोळे तपासते. असल्या फुंकरीवर माझा कधीच विश्वास नव्हता. पण दादा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि तीन महिने एका हातानं पोट दाबून दुसऱ्या हातानं पाना फिरवत होता. दुर्बिणीची तपासणी सांगितली होती, ती तो टाळत होता. त्यानं पेला रिकामा केला आणि तासाभरात त्याचा चेहरा सैल पडला.

"अगं, कळच नाही," तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी तो नंबर तपासायला दुकानात आला. मी खोलीत अंधार केला. अंधारात कुणाच्याही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. दादाच्या मोहरीएवढ्याच राहिल्या. त्याच आठवड्यात गुडघेदुखीच्या मास्तरीणबाई आल्या. त्यांच्याही तशाच. मग समोरचा शिंपी. त्याच्याही.

"फुंकरीला जाता का?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?" शिंपी चकित झाला.

शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "भावाचं अंग खाजतं? पोट साफ होत नाही? बसल्या जागी डुलक्या घेतो?"

"हो, तिन्ही."

"अफू आहे. आजच्या आज घेऊन ये त्याला."

दादा हसला. "तुमच्या डॉक्टरांना जमलं नाही ते फुंकरीनं झालं, म्हणून पोटात दुखतंय होय तुमच्या?" माणूस तीन महिन्यांनी पोटभर जेवत होता. मी चार दिवस गप्प बसले.

पाचव्या दिवशी दुपारी तो कामावरच कोसळला. घामानं भिजलेला, पोट फळीसारखं कडक, आणि तोंडानं म्हणतोय, "मला काही होत नाहीये." आतला अल्सर आदल्या दिवशीच फुटला होता. त्याला पत्ताच लागला नव्हता.

ऑपरेशननंतर त्याला मॉर्फिन दिलं. नर्सनं नाव सांगितलं, मात्रा मोजून भरली, नंतर दर थोड्या वेळानं येऊन त्याचे श्वास मोजले. डॉक्टरीणबाई बघायला आल्या होत्या. वहिनीनं त्यांना विचारलं, "हे कशातून काढतात?"

"अफूतूनच."

"मग महाराजात आणि तुमच्यात फरक काय?"

"आम्ही कारण शोधतो आणि कळ थांबवतो. त्यानं नुसती कळ थांबवली."

पण उशीर झाला होता, विष पोटभर पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी दादा गेला. मला रडू आलं नाही. मी दुकान उघडलं, दोन गिऱ्हाइकांचे नंबर काढले, काचा पुसल्या. हात आपले चालत होते.

पुढच्या रविवारी वहिनी दारात उभी राहिली. "चल," एवढंच म्हणाली. डॉक्टरीणबाईंना घेऊन आम्ही गोदामात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी गर्दीला विचारलं, "एक दिवस चुकला की नाक गळतं? अंग मोडून येतं? जुलाब होतात, अंगावर काटा येतो, झोप उडते? हात वर करा."

भराभर हात वर गेले. "बाई अंतर्ज्ञानी आहेत!" कुणीतरी कुजबुजलं.

"अंतर्ज्ञान कसलं! पुस्तकात छापलंय. अफूची सवय लागली आणि ती थांबली की हेच होतं. दुखणं कुणावर रागावत नाही."

"श्रद्धा नाही तिथे शंका येते," महाराज गोड हसले.

वहिनी तोवर पडद्यामागे गेली होती. तिनं एक पोतं ओढत आणलं आणि सगळ्यांसमोर उलटं केलं. डोक्यावर छोटा मुकुट असलेली वाळकी बोंडं फरशीभर गडगडली. मास्तरीणबाईंनी एक उचलून कानाशी हलवलं, मग फोडलं. तळहातावर बारीक पांढरं बी.

"ही तर खसखस!"

"बी आपण खातो, त्यानं काही होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अफू बोंडाच्या सालीत असते. ती उकळली की झाला काढा. फुंकर म्हणजे नुसती हवा."

वहिनीनं नळाच्या साध्या पाण्याचा पेला महाराजांपुढे धरला. "घाला फुंकर. घालवा एकाची तरी कळ."

महाराजांनी पेल्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. "आज माझं मौन आहे," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. पण शिंपी रडवेला झाला होता. "मला उद्या कोण देणार हो?"

"दवाखान्यात या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकदम तोडू नका. हळूहळू कमी करू. आणि दुखतंय कशानं ते आधी बघू."

डॉक्टरीणबाईंनी कळवल्यावर महाराजांना पोलीस घेऊन गेले. दवाखान्यात दोनशेंपैकी जेमतेम चाळीस माणसं आली. बाकीची दुसरी फुंकर शोधत असतील.

माझं सांगणं साधं आहे. अफूचं औषध जाणत्या हातात वरदान आहे. दादाचे शेवटचे तीन दिवस त्यानंच सुसह्य केले. पण कुणी पेला पुढे केला तर विचारा, यात काय आहे, किती आहे, आणि मला नेमकं झालंय काय? जो उत्तर देत नाही त्याच्या हातचं पाणीही पिऊ नका. दुखतंय तोवर शरीर काहीतरी सांगत असतं. ते ऐका. माझा भाऊ तीन महिने पोट धरून फिरत होता. आम्ही त्या पोटाचं तोंड बंद केलं आणि त्यालाच चमत्कार म्हटलं.