आरशातली भुवई

चांदभाईला वरातीची सुपारी द्यायलाच चाललाय ना? मंग च्या येस्तवर बसा हितं. त्याच्या घरी मागल्या म्हयन्यात काय झालं ते सांगतो, मंग जावा. लांबड लावत न्हाई, पन मधी उठू नका.

त्या दिशी दुपारी अरफानं, त्याच्या लेकीनं, बापाच्या डोक्यावर हेडफोन चढवला, आन् चांदभाईच्या हातातली बशी खडखडली. मी समोर खाटंवर बसल्यालो. मला वाटलं, म्हातारपन, दुसरं काय.

आता चांदभाईचा बँजो श्रीगोंद्यात कुनाला म्हाईत न्हाई? खाली तारा, वर टाइपरायटरवानी बटनं. तीस वर्सं गळ्यात अडकवून वाजवतोय, आन् तीस वर्सं टेम्पो माझा. आवाज वाढवायचं मशीन माझ्या शिटाशेजारी, भोंगं टपावर, आन् हा गडी मागं उजव्या अंगाला चालत वाजवनार. भोंगा किचाटाय लागला की मी कपाळाला आठी घालायची. ब्येस लागला की भुवई वर. उजव्या आरशात त्यानं माझं त्वांड बघायचं आन् तारंवरचा हात हलका-जड करायचा. कवापासून हे सुरू झालं, मलाबी सांगता यायचं न्हाई.

तर नगरचा रविराज. गानी करून मोबाईलवर सोडतो. त्यानं चांदभाईचा बँजो मागितला. वाजवल्यालं अरफानं घरीच ल्यापटापात धरलं, वायर थेट लावून. नुसतं ऐकलं तर वाळक्या काटक्या मोडल्यावानी.

"त्याला अंग द्यावं लागतं, काका," ती म्हनली. नगरला कालेजात हेच शिकती ती.

पडद्यावर मशीनांची चित्रं. चित्रातलं बटन फिरवलं की आवाज फिरायचा. मी तर बघतच राह्यलो.

"हे ॲम्प्लिफायर. आणि ही खालची कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची लाकडी पेटी. खरी नाही, पण आवाज त्या पेटीतून आल्यासारखा येतो."

"आपला भोंगा हाय का त्यात?" चांदभाईनं इचारलं.

"नाही अब्बा. सगळी गिटारवाल्यांची आहेत."

"म्हंजे वऱ्हाड आपलं आन् मांडव गिटारवाल्याचा!"

मी हसलो. त्यो न्हाई हसला. थंडीचं दिस, पंखा बंद, आन् त्याच्या कानशिलावरनं घाम गळत हुता.

रविराजची अट एकच. लोक चांदभाईच्या आवाजाला वळखत्यात, तवा मशीन आन् पेटी चांदभाईनंच निवडायची. दिस मावळायच्या आत.

"हेडफोन कशाला? उघड्यावर लाव की," चांदभाई माझ्याकडं हात करून म्हनला. "रंगनाथलाबी ऐकू दे."

"लॅपटॉपच्या स्पीकरात पेट्यांचा फरक कळत नाही. दोनच मिनिटं, अब्बा. हा एक नंबर."

तिनं बटन दाबलं. चांदभाईनं मान हलवली. आन् माझ्याकडं बघितलं.

मला काय ऐकू येनार? भिंतीवरलं घड्याळ तेवढं.

"हा दोन नंबर."

परत मान हलवली. परत माझ्याकडं बघितलं. पिशवीतनं काढल्यालं कोंबडं कसं बघतं, तसं. डोळं माझ्या कपाळावर. तवा माझ्या ध्यानात आलं. येवढी वर्सं मला वाटायचं, आरशात बघायची त्याची सवय हाय. सवय न्हवती ती. भोंगा किचाटतोय का गातोय, हे त्याला माझ्या तोंडावरनंच कळत हुतं.

आन् भ्याला का, तेबी सांगतो. आमच्यातला गोरक्ष ढोलकीवाला. त्याचं कान गेल्यालं गावाला कळलं आन् एका म्हयन्यात दोन लग्नवाल्यांनी सुपारी माघारी घेतली. पोरं त्याच्यापुढं नुसतंच त्वांड हलवायची, आवाज न काढता, आन् हसायची. आता लिंबाच्या आडतीवर गोन्या शिवतो. चांदभाई रोज तिथनं जातो, पन मान वळवत न्हाई.

"आणि हा तीन," अरफा म्हनली.

चांदभाईचं बोट मांडीवर ताल धरत हुतं, पन डोळं हितंच. माझ्यावर. मला पळून जावं वाटलं. काय करू? आठी घालू? भुवई उचलू? आवाज तर मला ऐकूच येत न्हवता. आन् सवयीनं म्हना, भ्यानं म्हना, माझी भुवई वर गेली.

"हाच," चांदभाई लगेच म्हनला. त्वांड उजळलं त्याचं. "तीन नंबर. हाच आपला आवाज."

अरफाचा हात बटनावर तसाच. मंग तिनं हळूच बापाच्या डोक्यावरनं हेडफोन काढला आन् माझ्याकडं दिला.

"काका, तुम्ही ऐका बरं."

मी कानाला लावला आन् लगेच ओढून काढला. गांधीलमाशा हो! पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशा कोंडून डबा फरशीवरनं घासावा, तसा आवाज. दातात कळ आली.

अरफा उठून बापाच्या पाठीमागं आली. हळू आवाजात म्हनली, "तिसऱ्याला पेटी लावायचीच राहिली होती. मी थांबा म्हणणार होते."

चांदभाई पुढं बघत बसल्याला. त्याला काईच ऐकू गेलं न्हवतं. रिकामी बशी पुसत हुता.

"कधीपासून, काका?"

"मला आत्ता कळलं, पोरी," मी म्हनलो. खरं तेच सांगितलं.

ती उभीच राह्यली. वढनीच्या टोकाला गाठ मारली, सोडली. मला वाटलं, आता रडंल, न्हाईतर बोलंल. दोन्ही केलं न्हाई. बापाच्या म्होरं आली. आपल्या कालेजच्या पिशवीतनं दुसरा हेडफोन काढला, वायर जोडली, आन् त्यो माझ्या डोक्यावर चढवला. खाट वढली. मला चांदभाईच्या बरुबर समूर बसवलं, गुडघ्याला गुडघा लागंल असं.

"अब्बा, तिसऱ्यात माझी चूक झाली," ती मोठ्यानं म्हनली, त्याला त्वांड दिसंल अशी. "परत पहिल्यापासून. दोघं मिळून ऐका."

एक नंबरला मी आठी घातली. दोन नंबर लागला आन्... काय सांगू, आपला भोंगा न्हवता त्यो, पन त्याचा सख्खा भाऊ. माझी भुवई आपसूक वर गेली. ह्या खेपंला खरी.

"दोन," चांदभाई म्हनला. मंग लेकीकडं बघितलं. लई येळ. "अगुदरच असं बसवायचं हुतं."

"हो अब्बा," ती म्हनली आन् दोन नंबर रविराजला धाडला.

नगरला कानाच्या डाक्टरकडं चल म्हनती ती. ह्यो अजून उद्या-परवा करतोय. भ्यातो. मीबी भ्यातो, खोटं कशाला बोलू. त्याच मशीनाशेजारी तीस वर्सं माझाबी कान हाय.

पेला ठिवा तिथंच. जावा आता, सुपारी बिनघोर द्या, असा हात तुमाला दुसरीकडं गावायचा न्हाई. ह्यातलं तिथं काई बोलू नका. फकस्त येवढं करा. वरातीत तुमची पोरं नाचत्याल, खुशाल नाचू द्या, म्होरं नाचू द्या, डाव्या अंगाला नाचू द्या. माझ्या उजव्या आरशाच्या आड तेवढं कुनाला येऊ देऊ नका.