नऊ किलो चारशे ग्रॅम

आमच्या यानावर सात उपकरणं जायची आहेत, आणि वजनाच्या यादीत त्यातल्या सहांची वजनं खोटी आहेत. आमच्याकडे रीतच आहे तशी. समिती शेवटी कात्री लावणार हे ठरलेलं, म्हणून प्रत्येक गट आधीच दहा टक्के फुगवून लिहितो. मग कात्री लागते, सगळे रडल्यासारखं करतात, आणि खरं वजन होतं तिथेच राहतं. तीस वर्षं मी हे बघत आले. आणि यंदा, सत्तावन्नाव्या वर्षी, मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी खरं वजन लिहिलं. नऊ किलो चारशे ग्रॅम.

याला कारण तराजू. म्हणजे वजनांची यादी सांभाळणारे आमचे नवे साहेब. सगळे त्यांना पाठीमागे तराजूच म्हणतात. सज्जन माणूस. प्रत्येकाच्या खोलीत स्वतः येऊन म्हणाले, "मला एकदा तरी खरी यादी करायची आहे हो." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि फुगवून लिहिलं. मी पाघळले.

महिन्याभराने त्याच तराजूंनी बैठकीत सांगितलं, "यान जड होतंय. सरसकट दहा टक्के कमी करा. न्याय सगळ्यांना सारखा."

सगळ्यांनी सुस्कारे सोडले. माझ्या शेजारी कॅमेरा-गटाचा प्रमुख बसला होता, माझा वीस वर्षांचा सहकारी. त्याने तर कपाळावर हात मारून घेतला, नाटकी मेला! मी मात्र खरंच हादरले होते. माझ्याकडे कमी करायला काही नव्हतंच.

माझं उपकरण ग्रहाची चुंबकशक्ती मोजतं. पण यानाच्या स्वतःच्या तारा नि मोटारी यांचीही चुंबकशक्ती असतेच, म्हणून मापक दहा मीटर लांब दांडीच्या टोकाला बसवावा लागतो. डबा आम्ही आधीच घासून घासून हलका केला होता. उरली दांडी. ती आखूड केली, की तीनशे कोटी किलोमीटर जाऊन आपल्याच यानाची कुरकुर ऐकत बसायचं.

आणि ग्रह कोणता, तर युरेनस! हा बाबा कुशीवर पडून सूर्याभोवती लोळतो. एक फेरी चौऱ्याऐंशी वर्षांची, म्हणजे ध्रुवावर बेचाळीस वर्षं दिवस नि बेचाळीस वर्षं रात्र. त्याच्या पोटातलं चुंबक जवळजवळ साठ अंश कललेलं, वर मध्यापासून सरकलेलं. असं का, हे कुणालाही धड सांगता येत नाही. आजवर एकच यान त्याच्या जवळून गेलं, तेही काही तास, मी कॉलेजात होते तेव्हा. त्या तासांतल्या मोजमापांवर माझं अख्खं आयुष्य गेलं. आमचं यान सात वर्षांनी सुटणार, पुढे तेरा वर्षं प्रवास. पोचेल तेव्हा मी सत्त्याहत्तरची. जिवंत असले तर बघेन, नसले तर नसले, पण मोजमाप तरी नीट व्हायला हवं ना?

घरी आले ती धुमसतच. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, बर्फाचा ग्रह ना तो? मग एवढं तापायला काय झालं?"

"नावाचा बर्फ, आई. आत हजारो अंशांचा रगाडा आहे नुसता."

"वरून थंड नि आतून उकळतंय," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "ओळखीचं वाटतंय."

"अहो, गप्प बसा!" मी ओरडले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. इतरांच्या लबाडीचा राग होताच, पण जास्त राग माझ्या शहाणपणाचा आला. कुणी सांगितला होता?

दुसऱ्या दिवशी तराजूंना सगळं खरं सांगून टाकायचं म्हणून निघाले, तर जिन्यात कॅमेरेवाल्याने अडवलं.

"वेडी आहेस का? सहाही गट उघडे पडतील. चौकशी लागेल, वर्ष जाईल. तेवढ्यात सुटायचा मुहूर्त टळला, की गुरू पुन्हा वाटेत येईपर्यंत चौदा वर्षं थांब. तुला हवेत किती?"

"नऊशे चाळीस ग्रॅम."

"माझ्याकडे आहेत. यंदा मी वीस टक्के फुगवलं होतं. घे."

इतकं सरळ म्हणाला, की मला त्याच्यावर धड चिडताही येईना. खोट्या वजनातूनच तर देत होता!

पण एका गटाचं वजन दुसऱ्याला द्यायचं तर कागद लागतो. देणाऱ्याने लिहायचं, 'काटकसरीने बचत केली.' घेणाऱ्याने लिहायचं, 'पहिला आकडा देताना आमच्या गणनेत चूक झाली. वजन कमी करणं शक्य नाही.' खाली सही गटप्रमुखाची.

तराजूंच्या टेबलावर मी तो कागद तीनदा वाचला. "इथे दुसरं काही लिहिता नाही येणार?"

"नमुना ठरलेला आहे, बाई."

अख्ख्या यादीत बरोबर आकडा एकच होता. तोच चुकला होता, असं मान्य करून मी सही केली. वीस वर्षांनंतर ज्या पोरी माझ्या दांडीच्या टोकाकडून आलेले आकडे वाचतील, त्या आधी जुन्या कागदांत हे वाचतील, की ही बाई वजन मोजायला चुकली होती.

तराजूंनी शिक्का मारला. मग कॅमेरेवाल्याच्या कागदावरही मारला आणि कौतुकाने म्हणाले, "बघा, यांनी कशी बचत केली." माझ्याकडे वळून, अगदी मायेने, आवाज खाली आणून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या यानाच्या वेळी नीट मोजा, म्हणजे झालं."

मी म्हणाले, "हो, साहेब."