ठकूबाईचा शिबी राजा

ठकूबाईने तराजूचं पारडं हाताने दाबून पाहिलं.

"माझं वजन पेलंल ना ह्याला?"

"मला तीस वर्सं पेललं," तिचा नवरा चांगदेव म्हणाला. "तुझं काय घेऊन बसलीस?"

पिंपरी पेंढारच्या यात्रेत दर वर्षी दुपारी शिबी राजाचं नाटक होई आणि राजा असे चांगदेव. यंदा त्याचे गुडघे धरले. पारड्यात चढणं होईना. राजाची वाक्यं आणखी एकाच माणसाला पाठ होती. भाकरी थापता थापता इतकी वर्षं ती ऐकत आलेल्या ठकूबाईला. लोक हसतील म्हणून आठ दिवस ती नकोच म्हणत होती.

पडदा सरकला. लुगड्यावर शेला, डोक्याला फेटा, असा राजा बघून बायकांत खसखस पिकली. तेवढ्यात कापडी कबुतर तिच्या मांडीवर येऊन पडलं. मागोमाग ससाणा झालेला गोरख दूधवाला पंख फडफडवत आला.

"राजा, माझी शिकार परत दे. तिला वाचवशील, तर मी उपाशी मरेन. हा कुठला न्याय?"

पुढचं वाक्य ठकूबाईला आठवेना. तिने विंगेत पाहिलं. वही घेऊन बसलेला चांगदेव तिच्याकडेच टक लावून बघत होता. वाक्य सांगायचं त्याला भानच नव्हतं.

ती उठून गोरखपाशी गेली.

"घरी पिल्लं हायत का रे तुला?"

गोरख गोंधळला. "हायत. दोन."

"मंग तुझी भूक बी खरी. पर हे माझ्या वटीत आलंय, ते मी देणार न्हाई. ह्याच्याइतकं माझं मांस घे. पिल्लांना बी ने."

हसणं थांबलं. राजाने मांडीचं मांस कापून घातलं, दंडाचं घातलं. कबुतराचं पारडं जडच राहिलं. शेवटी ओचा सावरत ठकूबाई स्वतःच पारड्यात बसली. पारडं खाली टेकलं, तशी पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. मग टाळ्या थांबेचनात.

पडद्यामागे चांगदेवने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"तुमची वाक्यं पार इसरले मी," ती म्हणाली.

"व्हय." तो गुडघा चोळत राहिला. "ससाण्याला कुठं चढायला लागत न्हाई, न्हाई का?"

"न्हाई. नुसतं तुमच्या राजाशी भांडायचं."

"मंग गोरखला सांगून ठेवतो," चांगदेव म्हणाला. "पुढल्या वर्साला ससाणा मी."