पालथी घातलेली डोण

मित्रांनो, ही गोष्ट दोन हजार अठरा सालची. त्या वर्षी कोकणातल्या आमच्या मसुऱ्यात पावसाने दसऱ्याची वाट न पाहताच पाठ फिरवली. आश्विनातले ऊन असे तापले की दुपारी अंगणातल्या कोंबड्या चोची उघड्या टाकून बसत. त्या उन्हात आमच्या घरी जे घडले, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे. त्याआधी माझी ओळख करून देते.

मी एक जुनी दगडी डोण आहे. डोण म्हणजे जनावरांना पाणी ठेवण्याचे भांडे. दीड हात लांब, वीतभर खोल. गावच्या देवळाच्या पायरीसाठी आणलेल्या काळ्या दगडात एक पांढरी शीर निघाली. पायरीला असला दगड चालत नाही, म्हणून मी बाजूला पडले. आमच्या घरचा मालक गुणाजी, त्याच्या आजोबांनी पाथरवटाला सांगून मला पोखरून घेतले आणि बैलगाडीतून घरी आणले. देवाच्या पायरीचे भाग्य हुकले, असे पहिल्यांदा मला वाटले. पण संध्याकाळी नांगर सोडून आलेल्या बैलांनी माझ्यात तोंडे बुडवली आणि ते वाईट वाटणे तिथेच संपले.

त्या घरात किती पिढ्यांची जनावरे माझ्यापाशी पाणी प्याली! बैल, रेडे, वासरे, मांजरे, वाट चुकलेली शेळी. भर उन्हातही माझ्यातले पाणी गार राही. माझा दुसरा गुण म्हणजे माझे वजन. रेड्याने शिंग मारले तरी मी हलत नसे. पाणी सांडले, असे माझ्या बाबतीत कधी झाले नाही.

यमुनाबाई गुणाजीशी लग्न होऊन या घरात आली, तो दिवस मला आठवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूने तिला चुलीपाशी जाण्याआधी माझ्याकडे आणले आणि म्हणाली, "आधी डोण, मगे चूल. आपणाक तहान लागली तर आपण मागतंव. जनावरां खंय मागतली?" तेव्हापासून यमुनाबाई रोज सकाळी माझ्यातले शिळे पाणी ओतून टाकी, नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीने, मला घासून काढी आणि विहिरीचे ताजे पाणी भरी.

पुढे पॉवर टिलर आला, बैल गेले, गोठा रिकामा झाला. मला वाटले, आता माझे काम संपले. माझ्यात पालापाचोळा साचू लागला. एकदा तर गवंड्याने माझ्यात सिमेंटची थापी धुतली. पण एके दिवशी यमुनाबाईचा मुलगा सुदेश ओरोसहून एसटीने आला, तो डब्याच्या पिशवीत कुत्र्याचे एक तांबूस पिल्लू घेऊनच. तो तिथे सरकारी कचेरीत नोकरीला होता. पिल्लू स्टँडवर सापडले होते. त्याचे नाव ठेवले भुऱ्या. त्याचे पुढचे पाय माझ्या काठावर पोचेनात, तेव्हा यमुनाबाईने माझ्यापाशी एक चिरा ठेवला. मी पुन्हा कामाला लागले.

मित्रांनो, पावसाळा संपला की पाळलेल्या जनावरांची काळजी संपली, असे पुष्कळांना वाटते. खरे तर ती तेव्हा सुरू होते. गवत वाढलेले असते, त्यात गोचीड बोकाळलेली असते. शेताच्या बांधावर उंदरांचे औषध टाकलेले असते. साचलेले पाणी खराब झालेले असते आणि वर ऊन पेटलेले असते. यमुनाबाईला हे कोणी शिकवले नव्हते, पण ती जाणून होती. शरदात रोज तिन्हीसांजेला ती भुऱ्याला मांडीशी घेई, त्याचे कान उलटे करून, बोटांच्या बेचक्यात बघून एकेक गोचीड काढी आणि मिठाच्या पाण्यात टाकी.

त्या साली मात्र भाद्रपदात तिच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि ती महिनाभर ओरोसला सुदेशच्या घरी राहिली. घरी गुणाजी एकटाच. त्याने भुऱ्याला वेळेवर पेज घातली, पण गोचीड काही काढली नाही. कोणी म्हटलेच तर तो म्हणे, "पाऊस गेलो की गोचीडय जातली."

कापणीच्या तोंडावर यमुनाबाई काळा चष्मा लावून परत आली. भुऱ्याने शेपटी हलवली, पण तो उठला नाही.

"ह्येचा काय तरी बिघाडलाहा," ती म्हणाली. "पेजेक तोंड लावणा नाय."

"गरम होता गो," गुणाजी म्हणाला. "हय माणसांका जेवण जाणा नाय, तो तर कुत्रो!"

उद्या नीट बघू, असे ती मनाशी म्हणाली. पण कापणीच्या दिवसांत उद्याला सवड कुठे असते?

आता खळ्याबद्दल सांगते. आमच्याकडे घरापुढच्या अंगणाला खळे म्हणतात. पावसाने उखडलेले हे खळे दर शरदात नव्याने करतात. माती ओली करून ती लाकडी चोपण्याने चोपचोप चोपतात, वरून शेणाने सारवतात. मग ते वाळेपर्यंत त्यात कोणी पाय घालायचा नाही. त्याच खळ्यात भात झोडायचे, त्याच खळ्यात तुळशीचे लग्न लावायचे. गुणाजीचे खळे साऱ्या वाडीत नावाजलेले. पण आदल्या वर्षी ते ओले असताना भुऱ्या त्यावरून माझ्याकडे पाणी प्यायला आला आणि त्याची पावले तशीच वाळली. तुळशीच्या लग्नाला शेजारचा मंगेश सगळ्यांदेखत म्हणाला, "गुणाजीकाका, तुमच्या खळ्यात वाघ नाचान गेलो काय ओ? वऱ्हाडी आधीच येवन गेले वाटता!"

सगळे हसले. गुणाजीही हसला, पण ते त्याला लागले.

म्हणून औंदा त्याने ठरवले की एकही पाऊल उमटू द्यायचे नाही. डोणीत पाणी दिसले की कोंबड्या येणार, मांजर येणार, कुत्रा येणार. त्याने आणि मंगेशने मला खळ्याच्या कडेवरून उचलले, गवत ठेवायच्या मांगराच्या मागे नेले आणि पालथे घातले. दुसऱ्या दिवशी पहाटे खळे शेवटचे चोपून, सारवून झाले. बांधावर औषध होते, म्हणून भुऱ्याला शेतात नेता येत नव्हते. गुणाजीने त्याला माझ्या शेजारच्या खांबाला साखळीने बांधले. त्या वेळी तिथे मांगराची दाट सावली होती.

"अवो, ह्येका पाणी?" यमुनाबाईने विचारले.

"ठेवलंय गो, झाकान भरून. चल आता, माणसां खोळांबली."

ते खरे होते. पत्र्याच्या डब्याचे झाकण भरून त्याने पाणी ठेवले होते. माणसे गेली. थोड्याच वेळाने भुऱ्या वळला, साखळी झाकणाला लागली आणि ते उलटे झाले. मातीने पाणी पिऊन टाकले.

मित्रांनो, पालथ्या डोणीला काही दिसत नाही. पण दगडाला आवाज कळतो. साखळीची खळखळ, मग भुंकणे, मग जमीन उकरणे हे सगळे मी ऐकत होते. ऊन माथ्यावर आले तशी सावली मांगराच्या पोटात शिरली. माझी पाठ तापू लागली. भुऱ्या माझ्याजवळ आला, माझ्या कडेखालची माती नखांनी खणू लागला. इथे पाणी असते, एवढे त्याला ठाऊक होते. आत मी कोरडी होते. मग त्याचे नखे ओढणे मंदावले. मग नुसती धाप. मग साखळीचाही आवाज येईना.

तिकडे शेतात काय झाले ते मला मागाहून समजले. यमुनाबाईचे कापणीत लक्ष लागत नव्हते. तिने पुन्हा विचारले, "तुमी पाणी ठेवलात ता सावलेत मा?"

"होय गो होय! तुझा सगळा चित्त त्या कुत्र्याकडे. हयसर कापणी कोण करतला?"

तिने विळा खाली ठेवला. "मी बघून येतंय."

"जा. पण खळ्यात पाय घालू नको हां!"

तिची पावले मला लांबूनच ओळखू आली. मांगराच्या मागे येऊन ती थांबली. "भुऱ्या... रे भुऱ्या... उठ रे पुता," एवढेच ती म्हणाली. मग ती धावली. विहीर होती खळ्याच्या पलीकडे. घराला वळसा घालायची वाट लांबची. जन्मभर ओल्या खळ्याला अंगठा न लावलेली ती बाई त्या खळ्यातून सरळ गेली, कळशी भरून सरळ आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. पदर भिजवून तिने भुऱ्याच्या पोटावर, पायांवर घातला.

एवढ्यात तिच्या मागोमाग निघालेला गुणाजी पोचला. त्याचा पहिला शब्द ऐकू आला, "अगो, खळा!" मग त्याची पावले भुऱ्यापाशी आली. तो हळूच म्हणाला, "मेलो काय गो?"

"अजून नाय," यमुनाबाई म्हणाली. "ती डोण सरळ करा."

दोघांनी मिळून मला उलटवले. डोळ्यांपुढे एकदम उजेड आला. भुऱ्या आडवा पडला होता, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. गुणाजीने कळशी उचलली आणि तोही खळ्यातून गेला. बघता बघता मी भरले. यमुनाबाई ओंजळीने एकेक घोट भुऱ्याच्या जिभेवर सोडत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने मान ओढत आणली आणि माझ्या काठावर टेकली. गुणाजी खाली बसला आणि पंचा तोंडाला लावून रडला.

"उठा काका, रिक्षा काढतंय," मंगेश धावत येऊन म्हणाला.

दवाखान्यातली हकीगत मी त्याच्याच तोंडून ऐकली. जनावरांच्या डॉक्टरांनी भुऱ्याचा ओठ वर करून दाखवला आणि म्हणाले, "हिरड्या बघा, पांढऱ्याफटक. गोचिडीचा ताप आहे, रक्त कमी झालंय. त्यात ऊन आणि तहान. पोटाला ओलं फडकं लावलंत ते बरं केलंत. कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही," यमुनाबाई म्हणाली. "उशीरच झाला."

भुऱ्या वाचला, पण पूर्वीचा राहिला नाही. थोडे चालला की बसे. गुणाजी आणि मंगेशने मला परत खळ्याच्या कडेला आणून ठेवले. गुणाजीने खळे पुन्हा चोपले नाही. झोडलेले भात पावलांच्या खळग्यांत अडके, तेव्हा तो ते बोटांनी वेचून काढी. तुळशीच्या लग्नाला वाडीतले एक वडीलधारे भाई म्हणाले, "गुणाजी, औंदा खळा चोपूक नाय काय रे?" मंगेश खाली बघत राहिला. गुणाजी म्हणाला, "चोपलंय. रवांदेत ती पावला." आणि त्या दिवसापासून सकाळी सोडण घेऊन मला घासायला तो स्वतः येऊ लागला.

आता कोणाचे काय झाले ते सांगते. गुणाजी दोन हजार एकवीसच्या भाद्रपदात वारला. आजारपणातही तो खाटेवरून माझ्याकडे बोट दाखवी आणि पाणी बदलायला लावी. भुऱ्या त्याच्या मागे सहा-सात महिने होता. शिमग्याच्या सुमारास एका सकाळी तो झोपेतच गेला. तो होता तोवर यमुनाबाई घर सोडायला तयार झाली नाही. मग सुदेशने तिला ओरोसला नेले. तिथे सुनेने, संजनाने, दोन मांजरे पाळली आहेत. त्यांचे कान उलटे करून बघायला तिला सासूनेच शिकवले. ते डॉक्टर बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले.

मी इथेच आहे. आता माझ्यात पाणी मंगेश भरतो. घराला कुलूप असले तरी माझ्याकडे येणारे थांबले नाहीत. मंगेशची कुत्री आणि तिची पिल्ले येतात, खारी येतात, कावळे येतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा जीव बांधलेला असेल. आश्विनातल्या उन्हात त्याची सावली कुठे सरकली, पाणी उरले की सांडले, त्याच्या अंगावर काय चिकटले, हे त्याला सांगता येत नाही. गुणाजी निर्दय नव्हता. त्याने पाणी ठेवले होते. फक्त ते आहे की नाही, हे पुन्हा जाऊन पाहिले नव्हते.

रोज संध्याकाळी यमुनाबाई मंगेशला ओरोसहून फोन करते.

"मंगेशा, डोणीत पाणी आसा?"

"आसा गो काकी."

"आसा म्हणू नको. जा आणि बघ."

मंगेश हसतो, पण फोन कानाला तसाच लावून माझ्यापर्यंत चालत येतो. वाकतो, आत बघतो आणि मगच तिला सांगतो.