ढोल्याचा डावा गाल

त्या रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये जेवढी माणसं होती तेवढीच जनावरं होती, आणि अक्कल जनावरांकडेच जास्त होती. समोर पांढऱ्याशुभ्र झग्यातले एक गृहस्थ कोंबडीच्या कानाशी कुजबुजत होते. लोक त्यांना मनमित्र म्हणत. ते म्हणे जनावरांना संमोहित करून त्यांच्या मनाच्या जखमा बऱ्या करत.

"सैल सोड, बाळा. अंड्यातली ती ऊब आठव," असं म्हणत त्यांनी कोंबडीला टेबलावर उताणी निजवून छातीवर हात दाबला. तिची फडफड थांबली. हात काढला तरी ती तशीच पडून राहिली.

"पाहिलंत? जन्माआधीच्या शांतीत पोचली!"

हॉलभर उसासे सुटले. माझी मावशी डोळे पुसत होती. तिच्या पायाशी तिचा कुत्रा पडला होता. नाव ढोल्या, पण आता बरगड्या मोजून घ्याव्यात. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, जाऊन चार महिने झाले होते. गेले तीन आठवडे ढोल्या ताटलीला धड तोंड लावत नव्हता, दिवसभर काकांच्या खुर्चीखाली फरशीला गाल टेकून पडायचा.

"त्यानं काकांच्या मागे जायचं ठरवलंय गं," मावशी म्हणाली. "हाही गेला तर घरात मी कोणाशी बोलू?"

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"मनाच्या दुखण्याला डॉक्टर काय करणार? औषधानं दुःख आत दबतं, असं सांगितलंय यांनी. आणि गुण येतोय ना! मागच्या बैठकीनंतर वाटीभर खाल्लं त्यानं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"पुन्हा बंद. पण अजून आठ बैठका बाकी आहेत."

तेवढ्यात ढोल्याची पाळी आली. मनमित्रांनी एका बाटलीतल्या 'शांतिलेपात' बोट बुडवलं आणि त्याच्या डाव्या ओठाखाली चोळलं. "दुःखाचं दार इथं असतं," ते म्हणाले. ढोल्या कळवळला, मग जीभ फिरवत हळूहळू निवला. "मालक गेले, पण दूर गेले नाहीत," मनमित्र गुणगुणले आणि दुधात भिजवलेलं बिस्किट पुढे केलं. ढोल्यानं ते खाल्लं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्या लेपाचा वास माझ्या ओळखीचा होता. मी दातांची डॉक्टर आहे. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो वास माझ्या नाकात असतो. मी पुढे गेले आणि बाटली उचलली.

"अहो ताई, अश्रद्ध हात लागला तर शक्ती जाते त्याची!"

"जाऊ दे," म्हणत मी थेंबभर लेप जिभेवर ठेवला. जीभ बधिर झाली. "लवंगेचं तेल आहे हे. दाढ ठणकते तेव्हा लावतात. पण तुम्ही डावीकडेच का लावलंत?"

"भावनेचं केंद्र डावीकडे..."

मी खाली बसून ढोल्याचा ओठ अलगद वर केला. वरची मोठी दाढ फुटली होती, हिरडी पुवानं टरारली होती. मागच्या रांगेपर्यंत वास गेला.

"मावशी, फरशीला हा कुठला गाल टेकतो?"

"डावा." मावशीही खाली बसली. "फरशी गार असते म्हणून?"

"गार असते म्हणून."

"पण कोंबडीचं काय?" मागून एक आजोबा गरजले. मी तीच कोंबडी उताणी निजवली, छाती दाबली आणि बेचा पाढा सुरू केला. बे साती चौदापर्यंत ती गपगार. "शांती कसली, आजोबा? शत्रूनं धरलं की कोंबडी मेल्याचं सोंग करते. तिची घाबरगुंडी उडालीये आणि आपण टाळ्या पिटतोय."

मग मी मनमित्रांकडे वळले. "दोन्ही बैठकांना तुमचं बोट त्या फुटक्या दाढेवर फिरलं. तुम्हाला ती दिसली नाही?"

दुःखाची दारं उघडणाऱ्या त्या माणसाला तेव्हा हॉलचं मागचं दार तेवढं दिसलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी दुपारीच दाढ काढली. आणखी आठवडा गेला असता तर जबडा कुजला असता, असं ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी ढोल्यानं ताटली चाटूनपुसून लख्ख केली. मावशी त्याच्याकडे बघत बसली होती.

"म्हणजे त्याला काकांची आठवण येतच नव्हती?"

"येतही असेल. मला कसं कळणार?"

"मलाच कुणीतरी सोबतीला रडायला हवं होतं गं," ती म्हणाली. "त्यात त्याचा दात बघायचा राहिला."

मला तिचा राग आला नाही. राग आला तो तिचं रडणं हेरून त्यावर आपलं दुकान मांडणाऱ्याचा. तुमच्याही दारी असा कुणी येईल आणि मुक्या जीवाच्या मनात काय चाललंय ते छातीठोकपणे सांगेल. त्याला एवढंच विचारा: तोंड उघडून पाहिलंत का? आणि तो उत्तर जुळवत बसला, तर तोवर तुम्हीच उघडून बघा.